खारवलेल्या वराहमांसाची देशोदेशींची नावे : कोशगत प्रतिशब्द आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

इंग्रजी-मराठी कोशांत 'बेकन' या शब्दापुढे साधारणतः 'डुकराचे खारवलेले मांस' आणि 'हॅम' या शब्दापुढे 'डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस' असा अर्थ दिलेला आढळतो. हे अर्थ चुकीचे आहेत असे म्हणता येणार नाही. तथापि लंडनमधील उपाहारगृहात 'बेकन' मागितले असता जे समोर येते ते प्राण्याच्या पाठीचे मांस असते आणि न्यूयॉर्कमध्ये तोच शब्द उच्चारला असता पोटाचे मांस येते, ही गोष्ट या अर्थांवरून कळण्यास कोणताही मार्ग नाही. डब्लिनमध्ये 'बेकन आणि कोबी' या नावाने जे वाढले जाते ते तर कुरकुरीत पट्ट्यांऐवजी उकडलेल्या मोठ्या तुकड्याचे जाड काप असतात. शब्द एक, कोशातील अर्थ एक आणि थाळीतील वस्तू मात्र तीन, अशी ही स्थिती आहे.

हा प्रश्न केवळ खवय्यांचा आहे असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुतः भाषांतराचे अध्यापन करणारे, हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शिकविणारे आणि वाणिज्य शाखेत निर्यात-आयातीचे नियम समजावून सांगणारे अशा तिघांचाही त्याच्याशी संबंध येतो. गोवा आणि महाराष्ट्रातील अनेक तरुण प्रवासी जहाजांवरील व परदेशी हॉटेलांतील स्वयंपाकघरांत नोकरी करतात. तेथे 'गॅमन' आणि 'हॅम' यांतील भेद ठाऊक नसणे म्हणजे शिजवलेले समजून कच्चे मांस पाहुण्यापुढे ठेवणे होय. दुसरी बाजू याहून नाजूक आहे. मुस्लीम, जैन, बेने इस्रायल किंवा अन्य कारणाने वराहमांस वर्ज्य मानणारा मराठी भाषक परदेशात जातो तेव्हा पदार्थांच्या यादीत त्याला 'पोर्क' हा परिचित शब्द दिसतोच असे नाही. 'लार्दों', 'स्पेक', 'पान्चेत्ता', 'ग्वान्चाले' अशी नावे दिसतात. ही सर्व वराहमांसाचीच नावे होत.

प्रस्तुत लेखात काही निवडक देशांतील नावांचा विचार केला आहे. खारवलेल्या मांसाला नाव देताना कोणती भाषा शरीराच्या भागाला महत्त्व देते, कोणती प्रक्रियेला आणि कोणती गावाला, हे पाहिल्याशिवाय प्रतिशब्द ठरविणे योग्य होणार नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. कोकणातील वाचकास ही अडचण नवीन वाटू नये. बोंबील वाळला तरी तो बोंबीलच राहतो, फार तर 'सुका' हे विशेषण त्याला लागते. परंतु कोळंबी सोलून वाळवली की तिचे नाव बदलते आणि ती 'सोडे' होते. एका बाबतीत भाषेने प्राण्याचे नाव कायम ठेवले, दुसऱ्या बाबतीत प्रक्रियेला स्वतंत्र नाव दिले. वराहमांसाबाबत युरोपीय भाषांनी हेच केले आहे, फक्त प्रत्येकीने ते वेगवेगळ्या ठिकाणी केले आहे.

खारवणे म्हणजे काय

मीठ मांसातील पाणी ओढून घेते व सूक्ष्मजीवांच्या वाढीस आळा घालते, हे खारवण्याचे मूळ तत्त्व. मीठ कोरडे चोळावे किंवा मांस मिठवणीत बुडवून ठेवावे, अशा दोन प्रमुख रीती आहेत. आधुनिक कारखान्यांत मिठवणी सुयांच्या साहाय्याने मांसात टोचली जाते. मिठाबरोबर पूर्वी सोरा वापरीत असत. सोऱ्यातील नायट्रेटचे जिवाणूंच्या क्रियेने नायट्राइट होते व ते स्नायूंतील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी संयोग पावते, त्यामुळे बेकन व हॅम यांना ओळखीचा गुलाबी रंग येतो; अन्यथा शिजविलेले मांस करडे दिसते. बॉट्युलिझमला कारणीभूत होणाऱ्या जिवाणूची वाढ रोखणे हे नायट्राइटचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कार्य होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या गटात केला; या रसायनाकडे ग्राहक संशयाने पाहतात.

त्याचा परिणाम नावांवरही झाला. अमेरिकेत 'अनक्युअर्ड', म्हणजे शब्दशः न खारवलेले, असे बेकन विकले जाते. प्रत्यक्षात ते खारवलेलेच असते. फक्त नायट्राइट रसायनाच्या रूपात न घालता सेलरी या भाजीच्या भुकटीतून घातलेले असते. भाषांतरकाराने या विशेषणाचा सरळ अर्थ घेतला तर तो फसलाच. तीच गत ब्रिटनमधील 'ग्रीन बेकन' या नावाची. यातील 'ग्रीन'चा हिरव्या रंगाशी संबंध नाही. धुरी न दिलेले असा त्याचा अर्थ आहे. मराठीत 'ओले काजू' म्हणताना 'ओले'चा पाण्याशी जितका संबंध असतो तितकाच येथे रंगाशी आहे.

'बेकन' : पाठ की पोट?

'बेकन' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो जर्मानिक भाषांतून आला. त्याचे मूळ 'पाठ' या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ बराच सैल होता. प्राण्याचे उभे दोन भाग करून डोके वगळता राहणाऱ्या अर्ध्या धडाला 'फ्लिच' म्हणत आणि खारवलेले अर्धे धड म्हणजेच बेकन, असा व्यवहार होता. एसेक्स परगण्यातील डनमो येथे विवाहानंतर एक वर्ष आणि एक दिवस लोटूनही विवाहाचा पश्चात्ताप न झालेल्या जोडप्यास बेकनचा फ्लिच देण्याची प्रथा होती. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने तिचा उल्लेख केला आहे आणि ती सोहळ्याच्या रूपात आजही जिवंत आहे. जोडप्याला मिळत असे ते अर्धे धड, न्याहरीच्या चार पट्ट्या नव्हेत.

अर्धे धड हे एकक ध्यानात घेतले म्हणजे ब्रिटिश नावांचा उलगडा आपोआप होतो. त्यात पुढून मागे मान व खांदा, मग पाठ व तिच्याखाली पोट, आणि शेवटी मागील मांडी अशी रचना असते. हे संपूर्ण धड एकत्र खारवावयाचे आणि नंतर कापावयाचे. मानेकडील भाग 'कॉलर', पाठीचा 'बॅक', पोटाचा 'स्ट्रीकी' आणि मांडीचा 'गॅमन'. पाठ व पोट वेगळे न करता कापलेल्या लांब कापास 'मिडल' म्हणतात; ऑस्ट्रेलियात हा प्रकार विशेष रूढ आहे. 'स्ट्रीकी' म्हणजे पट्टेदार, कारण पोटाच्या मांसात चरबी व स्नायू यांचे थर आलटून पालटून असतात. 'बॅक'च्या कापात मोठा गोल स्नायू आणि त्याला जोडून पोटाच्या बाजूची थोडी शेपटी असते. एका कापास 'रॅशर' म्हणतात. आयर्लंडमध्ये न्याहरीचे बेकन बहुधा याच नावाने मागितले जाते आणि 'बेकन' हा शब्द उकडावयाच्या अख्ख्या तुकड्यासाठी मोकळा राहतो.

अर्धे धड एकत्र खारविण्याची ही पद्धत 'विल्टशर क्युअर' या नावाने प्रसिद्ध झाली व तिचा इतिहास थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. विल्टशर परगण्यातील कॅलन हे गाव ब्रिस्टलहून लंडनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. आयर्लंडहून जहाजाने आलेले डुकरांचे कळप या रस्त्याने लंडनकडे हाकले जात. तेथील हॅरिस कुटुंबाने हा माल वाटेतच विकत घेऊन खारविण्याचा व्यवसाय उभारला. त्या काळी खारविण्याचे काम थंडीतच शक्य होते, कारण उन्हाळ्यात मीठ आतपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मांस बिघडत असे. १८४७ मध्ये जॉर्ज हॅरिस अमेरिकेस गेला. तेथे त्याने बर्फाचा वापर पाहिला आणि परतल्यावर कॅलन येथे बर्फघर उभारण्यात आले. या पद्धतीचे पेटंट १८६४ मध्ये घेण्यात आले. गारव्यामुळे बाराही महिने काम करता येऊ लागले. शिवाय मीठ कमी लागू लागले. फार खारट नसलेले, सौम्य चवीचे, पाठीच्या मांसाचे बेकन ही जी ब्रिटिश माणसाची आवड म्हणून आज सांगितली जाते, तिचा पाया या बर्फघरात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कॅलन येथील कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला. नाव मात्र बाजारात टिकून आहे.

ही आवड पुरविण्यासाठी दुसऱ्या एका देशाने आपला प्राणीच बदलला. डेन्मार्कमधून जिवंत डुकरे जर्मनीस जात असत. १८८७ मध्ये जर्मनीने रोगाचे कारण देऊन ही आयात बंद केली. त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे शेतकऱ्यांचा पहिला सहकारी कत्तलखाना सुरू झाला आणि डेन्मार्क ब्रिटनसाठी बेकन तयार करू लागला. (महाराष्ट्रात सहकाराचा अभ्यास करणाऱ्यांना डेन्मार्क दुग्धसंस्थांमुळे परिचित असतो, बेकनचा हा अध्याय मात्र आपल्याकडे फारसा शिकविला जात नाही.) ब्रिटिश गिऱ्हाइकास हवी होती लांब पाठ व पातळ चरबी. म्हणून स्थानिक डुकरांचा इंग्लंडमधील यॉर्कशर जातीशी संकर करून आणि पुढील काळात चाचणी केंद्रांवर पिलांची वाढ मोजून डॅनिश लँड्रेस ही लांब अंगाची जात घडविण्यात आली. 'बेकन' या शब्दाचा ब्रिटिश अर्थ असा एका परदेशी प्राण्याच्या हाडांच्या लांबीत उतरला.

अमेरिकेत हे घडले नाही. तेथे धडाचे तुकडे आधी पाडले जात व पाठीचे मांस बहुतांशी ताजेच खपे. खारविण्यासाठी उरे ते पोट. परिणामतः तेथे 'बेकन' म्हणजे पोटाचे मांस असाच अर्थ स्थिरावला आणि अमेरिकी कृषी खात्याच्या लेबलविषयक धोरणातही 'बेकन' हे निर्विशेष नाव खारवलेल्या पोटालाच दिले आहे. खांद्याचे मांस असेल तर तसे नावातच लिहावे लागते. 'पाठ' या मूळ अर्थाचा शब्द अटलांटिक ओलांडून पोटाचा वाचक झाला. पाठीच्या मांसाला मग नवे नाव हवे होते. ते शेजाऱ्याचे मिळाले. अमेरिकेत 'कॅनेडियन बेकन' म्हणतात तो पाठीच्या स्नायूचा धुरी दिलेला, आधीच शिजविलेला गोल काप असतो. कॅनडात या नावाने कोणी काही मागत नाही. तेथे 'बॅक बेकन' हा शब्द आहे आणि टोरांटो परिसरात 'पीमील बेकन' हा खास प्रकार आहे. तो मिठवणीत मुरविलेला, धुरी न दिलेला व कच्चाच असतो. एकोणिसाव्या शतकात टोरांटोतील विल्यम डेव्हिस या इंग्लंडहून आलेल्या व्यापाऱ्याच्या कंपनीशी त्याचा उगम जोडला जातो. प्रारंभी हे मांस दळलेल्या पिवळ्या वाटाण्यात घोळवीत, म्हणून 'पीमील'. पुढे वाटाण्याऐवजी मक्याचे पीठ आले, नाव तेच राहिले.

हॅम आणि गॅमन

वर सांगितलेला 'गॅमन' आणि 'हॅम' हे दोन्ही मागील मांडीचेच. ब्रिटनमध्ये परंपरेने त्यांत भेद होता तो कापण्याच्या क्षणाचा. मांडी धडापासून आधी वेगळी करून स्वतंत्रपणे, बहुधा अधिक काळ खारवली तर ते हॅम. धडाबरोबर खारवून नंतर वेगळी केली तर ते गॅमन. आजच्या दुकानात हा भेद थोडा सरकला आहे : कच्चे विकले जाते ते गॅमन आणि तेच शिजवून थंड करून काप केले की हॅम. म्हणजे घरी आणलेले गॅमन संध्याकाळी उकडले तर दुसऱ्या दिवशी डब्यातील सँडविचमध्ये ते हॅम म्हणून जाते! अमेरिकेत 'गॅमन' हा शब्द बहुतेकांना अपरिचित आहे. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश राजकीय वादांत तावातावाने बोलणाऱ्या लालबुंद चेहऱ्याच्या मध्यमवयीन पुरुषास 'गॅमन' असे हिणविले जाऊ लागले. शिजलेल्या गॅमनचा रंग ज्याला ठाऊक नाही त्याला या शिवीचा अर्थ लागणे कठीण.

अमेरिकेत 'हॅम' शब्द उलट दिशेने पसरला आहे. तेथे 'फ्रेश हॅम' म्हणजे मुळीच न खारवलेली मांडी आणि 'पिकनिक हॅम' म्हणजे मांडी नव्हेच, पुढील खांद्याचा खालचा भाग. व्हर्जिनिया आदी राज्यांत 'कंट्री हॅम' हा कोरड्या मिठात खारवून वाळविलेला प्रकार आहे. तो सामान्यतः पाण्यात भिजवून व शिजवून खातात. इटलीतील प्रोश्युत्तो क्रूदो त्याच रीतीने सिद्ध होतो, पण पारदर्शक काप करून तसाच खाल्ला जातो. जपानमध्ये 'रोसु हामु' या अत्यंत लोकप्रिय प्रकारात पाठीचे मांस असते. जो शब्द इंग्रजीत मुळात गुडघ्यामागील खळगा आणि पुढे मांडी यांचा वाचक होता, तो अशा रीतीने शरीरभर फिरून आला. यावर चीनचा मार्ग सोपा वाटतो : तेथे 'हुओतुई', म्हणजे अग्निपाद, हे मांडीचे नाव आणि जिन्हुआ, श्वेनवेई ही त्यांची गावे. पोटाच्या खारवलेल्या मांसाला 'लारोउ' म्हणतात, ते चांद्रवर्षाच्या बाराव्या म्हणजे 'ला' महिन्यावरून. नाव ना अवयवाचे ना गावाचे, तर ऋतूचे.

एक मूळ, अनेक वस्तू

भाषांतरकाराची खरी कसोटी लागते ती रोमान्स भाषांतील सजातीय शब्दांपाशी. लॅटिनमधील 'लारिदुम' किंवा 'लार्दुम' या शब्दापासून इंग्रजी 'लार्ड', फ्रेंच 'लार' आणि इटालियन 'लार्दो' हे तिन्ही निघाले. इंग्रजी 'लार्ड' ही कढविलेली, तळण्यासाठी वापरावयाची चरबी. फ्रेंच 'लार' हे चरबीदार, बहुधा खारवलेले मांस. त्याच्या बोटभर तुकड्यांना 'लार्दों' म्हणतात व ते पुष्कळदा कोशिंबिरीतही घालतात. इटालियन 'लार्दो' म्हणजे पाठीवरील चरबीचा जाड थर मिठात, मसाल्यात मुरवून केलेला व पातळ काप करून खाण्याचा पदार्थ. काराराच्या संगमरवरी खाणींच्या डोंगरात कोलोन्नाता नावाचे खेडे आहे. तेथे ही चरबी लसूण चोळलेल्या संगमरवरी कुंडांत मीठ, मिरी व रोझमेरी यांच्या थरांत किमान सहा महिने ठेवतात. २००४ मध्ये युरोपीय संघाने या नावास भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण दिले. कढविलेल्या चरबीसाठी फ्रेंचमध्ये व इटालियनमध्ये निराळेच शब्द आहेत. इंग्रजी 'लार्ड'च्या आधारे 'लार्दो'चे भाषांतर 'डुकराची कढविलेली चरबी' असे करणे म्हणजे लोण्याला तूप म्हणण्यासारखे आहे.

स्पॅनिशमधील 'तोसीनो' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. स्पेनमध्ये तो प्रामुख्याने कातडीखालील चरबीचा वाचक आहे व पोटाच्या मांसास 'पान्सेता' म्हणतात. मेक्सिकोत 'तोसीनो' म्हणजे अमेरिकी धर्तीचे धुरावलेले बेकन. फिलिपीन्समध्ये 'तोसीनो' हा साखर घालून मुरविलेल्या, लालसर, गोड मांसाचा न्याहरीचा पदार्थ आहे. आणि स्पेनमधील 'तोसीनो दे सिएलो' ही तर अंड्यातील बलक व साखर यांची मिठाई. तिच्यात वराहमांस मुळीच नसते. वराहमांस वर्ज्य मानणारा प्रवासी केवळ नाव वाचून ही मिठाई टाळील आणि शेजारच्या भाजीत टाकलेले 'खामोन'चे बारीक तुकडे कदाचित न कळत खाईल.

पोर्तुगीज भाषेपाशी आल्यावर आपण घराजवळ येतो. पोर्तुगालमध्ये 'प्रेझुंतु' ही खारवून वाळविलेली मांडी होय आणि शिजविलेल्या हॅमला 'फियाम्ब्र' म्हणतात. ब्राझीलमध्ये मात्र 'प्रेझुंतु' म्हणजेच शिजविलेले हॅम. वाळविलेले हवे असल्यास 'क्रू', म्हणजे कच्चे, असे विशेषण जोडावे लागते. गोव्यात १५१० ते १९६१ या काळातील पोर्तुगीज सत्तेने जे शब्द मागे ठेवले त्यांत 'शोरीसु' हा एक; त्याचे कोकणी रूप 'चोरीस'. पोर्तुगालमधील शोरीसुत पाप्रिका, लसूण, वाइन असते व त्यास धुरी दिलेली असते. गोव्यात वाइनच्या जागी माडीचे व्हिनेगर आले, पाप्रिकेच्या जागी सुकी लाल मिरची आली आणि चोरीस मण्यांच्या माळेसारखे बांधून वाळविले जाऊ लागले. ते कांद्याबरोबर शिजवूनच खातात. स्पेनमधील वाळविलेल्या 'चोरिसो'प्रमाणे नुसते काप करून नव्हे. योगायोग असा की मेक्सिकोतील चोरिसोतही व्हिनेगर आणि स्थानिक मिरची असते व तोही शिजवावाच लागतो. द्राक्षांच्या देशांतून आलेला पदार्थ उष्ण प्रदेशांत गेला, तेव्हा दोन्ही ठिकाणी आंबटपणा हाच टिकाऊपणाचा आधार झाला असावा, असे मला वाटते.

'विंदालू' या शब्दाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. वाइन आणि लसूण यांत मांस मुरविण्याच्या 'व्हिन्या द'आल्युश' या पोर्तुगीज रीतीवरून तो आला. गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात तो वराहमांसाचाच पदार्थ आहे. ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत मात्र तो केवळ तिखटपणाची पायरी दर्शवू लागला. कोंबडीचा विंदालू झाला, आणि शेवटच्या अक्षरांत हिंदी 'आलू' ऐकू आल्यामुळे बटाटाही पडला.

जर्मन 'श्पेक' हा शब्द चरबीदार खारवलेल्या मांसाचा सर्वसाधारण वाचक आहे. पोटाचा, पाठीचा असे विशेषण त्याला जोडले जाते. दक्षिण तिरोल हा जर्मनभाषक प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर इटलीत गेला. तेथील श्पेक सौम्य धुरी दिलेल्या मांडीचा असल्याने इटालियनमध्ये 'स्पेक' म्हणजे धुरावलेली मांडी असा अर्थ रूढ झाला. सीमेच्या उत्तरेस हाच शब्द मुख्यतः चरबीचा, दक्षिणेस मांडीचा. इटालियनमध्ये अन्यथा अवयवानुसार नावे ठेवण्याकडे कल दिसतो : पोट म्हणजे 'पान्चा', म्हणून 'पान्चेत्ता', गाल म्हणजे 'ग्वान्चा', म्हणून 'ग्वान्चाले'. 'प्रोश्युत्तो' हा मात्र 'शोषून कोरडे केलेले' या अर्थाच्या शब्दापासून आला. तो प्रक्रियेचा शब्द असूनही इटलीत शिजविलेल्या हॅमलाही लागतो, म्हणून तेथे 'क्रूदो' की 'कोत्तो' हे सांगावे लागते. इंग्रजीत गेल्यावर त्याचा 'कोत्तो' हा अर्थ गळून पडला.

नाव कोणाच्या मालकीचे?

जेथे नावाला पैसा चिकटतो तेथे कोशाचे काम न्यायालयाकडे जाते. 'प्रोश्युत्तो दी पार्मा' हे नाव युरोपीय संघात १९९६ पासून संरक्षित आहे. पार्मा परिसरातील या मांडीला केवळ मीठ लावतात. नायट्रेट व नायट्राइट यांना परवानगी नाही. ब्रिटनमधील अ‍ॅस्डा या दुकानांच्या साखळीने असली पार्मा हॅम इंग्लंडमध्ये कापून, पाकिटात घालून त्याच नावाने विकली. २० मे २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की काप करणे व पाकीटबंद करणे याही क्रिया पार्मा परिसरातच व्हाव्यात ही उत्पादकांची अट वैध आहे, मात्र ती सर्वांना पुरेशी जाहीर केलेली असली पाहिजे. म्हणजे मांस तेच, परंतु सुरी दुसऱ्या देशात चालली तर नाव बदलू शकते. पुढे जर्मनीतील 'श्वार्त्सवेल्डर शिंकेन' (काळ्या अरण्यातील हॅम) या प्रकाराबाबत २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने अशा अटीचे समर्थन आपोआप होत नाही, दर्जा व अस्सलपणा राखण्यासाठी ती आवश्यक असल्याचे दाखवावे लागते, असे स्पष्ट केले. अमेरिकेतील दुकानांत 'ब्लॅक फॉरेस्ट हॅम' या नावाखाली साधे शिजविलेले हॅम मिळते, ही गोष्ट तर निराळीच.

कॅनडात याहून विचित्र स्थिती होती. तेथे 'पार्मा' हे चिन्ह एका कॅनेडियन कंपनीच्या नावे आधीच नोंदले गेले होते. त्यामुळे इटलीतील पार्मा गावचे उत्पादक त्या देशात आपल्या गावाचे नाव आपल्याच मालावर वापरू शकत नव्हते. युरोपीय संघ व कॅनडा यांच्यातील व्यापार करार २१ सप्टेंबर २०१७ पासून हंगामी स्वरूपात लागू झाला तेव्हा दोन्ही नावांना शेजारी शेजारी नांदण्याची मुभा मिळाली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९२६ मध्ये 'स्मिथफील्ड हॅम' या नावाची कायद्याने व्याख्या केली तेव्हा डुकरांना भुईमूग खाऊ घातलेला असणे आवश्यक मानले होते. १९६६ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. गावाच्या हद्दीत सिद्ध करण्याची अट राहिली. स्पेनमध्ये २०१४ च्या शासकीय आदेशानुसार इबेरिको हॅमला चार रंगांच्या पट्ट्या लागतात. शंभर टक्के इबेरिको वंशाच्या आणि ओकची फळे खाऊन वाढलेल्या प्राण्यासाठी काळी, इतरांसाठी लाल, हिरवी व पांढरी. वाचता न येणाऱ्या ग्राहकालाही रंग कळतो, हा त्याचा फायदा.

जेथे नावांवर भरवसा ठेवणे परवडत नाही तेथे व्यवहाराने आकडे पत्करले आहेत. भारतासह बहुतेक देश वापरीत असलेल्या आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात खारवलेले, वाळवलेले वा धुरावलेले मांस ०२.१० या शीर्षकाखाली येते. हाडासह मांडी व खांदा यांना ०२१०.११, पोटाच्या मांसाला ०२१०.१२ आणि वराहमांसाच्या उर्वरित सर्व प्रकारांना ०२१०.१९. ब्रिटिश 'बॅक बेकन' या हिशेबाने 'उर्वरित'मध्ये पडते आणि अमेरिकी बेकनला स्वतंत्र जागा मिळते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने शिजविलेल्या हॅमसाठी वेगळे व शिजविलेल्या खांद्यासाठी वेगळे मानक ठेवले आहे. 'पिकनिक हॅम'सारख्या नावांना तेथे वाव नाही.

मराठीत लिहिताना

या सर्व नावांना मराठी प्रतिशब्द घडविण्याचा अट्टहास करू नये, असे माझे मत आहे. नाव मूळ उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या रूपात ठेवावे आणि त्यापुढे चार गोष्टी सांगाव्यात : देश, शरीराचा भाग, प्रक्रिया, आणि पदार्थ तसाच खाण्याजोगा आहे की शिजवावा लागतो. यांतील चौथी गोष्ट कोशकार हमखास वगळतात, जरी स्वयंपाकघरात तीच सर्वांत निकडीची असते. प्रक्रियेसाठी आपल्याकडे 'खारवणे', 'वाळवणे', 'मुरवणे', 'धुरी देणे' अशी नेमकी क्रियापदे आहेत. 'प्रक्रियायुक्त' या मोघम विशेषणाची गरज नाही. अशा नोंदी पुढीलप्रमाणे होऊ शकतील. गॅमन (ब्रिटन) : डुकराची मागील मांडी, खारवलेली, कधी धुरी दिलेली, कच्ची, शिजवूनच खाण्याची. प्रोश्युत्तो क्रूदो (इटली) : मागील मांडी, कोरड्या मिठात खारवून दीर्घकाळ वाळवलेली, पातळ काप करून तशीच खाण्याची. बेकन (अमेरिका) : पोटाचे मांस, खारवून धुरी दिलेले, भाजून वा तळून खाण्याचे. बेकन (ब्रिटन) : बहुधा पाठीचे मांस, पोटाचे असल्यास 'स्ट्रीकी', भाजून वा तळून खाण्याचे.

'हॅम'ची नोंद मात्र अशी सहज पुरी होत नाही. अमेरिकेत 'टर्की हॅम' या नावाची शासकीय व्याख्या आहे व त्यात टर्की पक्ष्याच्या मांडीचेच मांस असावे लागते. प्राणी बदलला, अवयव टिकला. भारतातील शीतपेट्यांत 'चिकन हॅम' या नावाने दाबून गोल केलेल्या कोंबडीच्या मांसाचे काप मिळतात. ते घेणाऱ्या ग्राहकाची अपेक्षा वराहमांस नसावे हीच असते. तेव्हा मराठी कोशात 'हॅम'पुढे पहिला अर्थ 'डुकराची खारवलेली मांडी' असा देऊन दुसरा अर्थ 'हॅमच्या रीतीने खारवून शिजविलेले अन्य प्राण्याचे मांस. अशा वेळी प्राण्याचे नाव आधी जोडतात' असा द्यावा लागेल.